लिलिपुट, मार्गे पळासनेर

गलिव्हरच्या तिसऱ्या सफरीत लापुटा नावाचं हवेत तरंगणारं बेट आहे. खालच्या एखाद्या शहराने बंड केलं, की तिथला राजा आपलं बेट हाकत आणून त्या शहराच्या डोक्यावर उभं करतो. ऊन बंद, पाऊस बंद, प्रजा शरण. स्विफ्टसाहेबाने हे १७२६ मध्ये छापलं, आणि आयर्लंडच्या ओल्या हवेत राहून लिहिलं, म्हणून त्याला ती शिक्षा वाटली. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर टेकलेला असताना हा राजा जळगाववरून चालला असता, तर दुपारी बाराला अख्खं शहर बंड करून उठलं असतं. भुसावळकरांनी तर आधीच अर्ज देऊन नंबर लावला असता. त्याच सफरीत काकडीतून सूर्यकिरण काढण्यासाठी आठ वर्षं खपणारा एक शास्त्रज्ञ भेटतो. त्याला आमच्याकडे पाठवा. यंत्र उलटं बसव म्हणावं; ऊन आम्ही पुरवतो, तू काकडी काढून दे.

पण काल्पनिक देशांबद्दल माझी खरी तक्रार हवामानाची नाही. तिथली माणसं फार ऐकतात, ही आहे. लिलिपुटच्या बादशहाने फर्मान काढलं, की अंडं निमुळत्या टोकाकडूनच फोडायचं. तर म्हणे अकरा हजार माणसांनी मरण पत्करलं, पण निमुळतं टोक फोडलं नाही. पाळणारे पाळत राहिले, न पाळणारे मरत राहिले. तिसरा प्रकारच नाही! हे फर्मान खान्देशात निघालं असतं तर अकरा हजारांतला एकही दगावला नसता. बाहेर ओट्यावर, तलाठ्याच्या देखत, एक अंडं निमुळत्या टोकाकडून. आत चुलीपाशी बाकीची हवी तशी. आणि 'आता आलेच आहात तर दोन घास खाऊन जा' म्हणून तलाठ्याचाही पाट आतच मांडला असता.

सॅम्युएल बटलरने १८७२ मध्ये 'एरेव्हॉन' नावाचा देश काढला. तिथे आजारी पडणं हा गुन्हा, आणि अफरातफर हा आजार. कुणी पैसे खाल्ले, की शेजारीपाजारी काळजीने त्याच्या तब्येतीची चौकशी करून येतात. इंग्रज वाचक हसले असतील. आपल्याकडे पतपेढीच्या संचालकाला अटक होणार म्हटलं की त्याच दिवशी त्याच्या छातीत कळ येते, आणि दवाखान्याबाहेर लोक शहाळी घेऊन उभे असतात. यात कल्पनेचा भाग कुठला, ते मला तरी सापडलेलं नाही. मराठीतही विजय तेंडुलकरांनी 'दंबद्वीपाचा मुकाबला' लिहून आपल्या मालकीचं एक बेट करून ठेवलं आहेच. पण त्यावर नाटकवाल्यांनी बोलावं.

मला हे सगळं उकरून काढावं लागलं ते भाच्यामुळे. तो पुण्याला कॉम्प्युटर शिकतो आणि मित्रांबरोबर एक खेळ तयार करतो आहे. खेळात वर्दाविया नावाचा देश आहे. खेळणाऱ्याने परदेशी पाहुणा म्हणून तिथे उतरायचं, चालीरीती ठाऊक नसताना निभवायचं, आणि तुरुंगात न जाता बाहेर पडायचं. श्रावणात कानबाईच्या सणासाठी बहीण त्याला घेऊन अमळनेरला आली, तेव्हा त्याने वहीभर कायदे लिहून आणले होते.

"मामा, वाच ना. पुरेसं जुलमी वाटतंय का सांग."

पहिलंच कलम: एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात धान्य नेल्यास अटक. मी विचारलं, "हे तुला आजीने सांगितलं का?" त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय.

साठ-सत्तरच्या दशकात जिल्हाबंदी होती, हे आता कुणाला सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. रेशन होतं, लेव्ही होती, आणि धान्याने जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही असा हुकूम होता. अमळनेर जळगाव जिल्ह्यात, धुळं त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात, मध्ये एसटीचा तासाभराचा रस्ता. माझे मामा धुळ्याला. त्यांना दादर ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही, आणि टंचाईत तिथे दादर मिळेना. मग आई माहेरी जाताना उशी घेऊन निघायची. उशीत कापसाऐवजी दादर. मांडीवर मी, माझ्या डोक्याखाली उशी. नाक्यावर माणूस चढायचा, पिशव्या दाबून बघायचा, बाकांखाली वाकायचा. पण झोपलेल्या पोराला कोण उठवणार? गाडी थांबली की झोपायचं, अशी मला सक्त ताकीद होती. ज्वारीच्या उशीवर कधी डोकं टेकलंत का? दाणे कापडातून गालाला टोचतात, आणि शिवण सैल असली तर एखादा कानातही जातो. देशाच्या अन्नधान्य धोरणात माझा सहभाग एवढाच.

दुसरं कलम सोन्याचं. वर्दावियाच्या हुकूमशहाने शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी केली होती. "हेही झालंय," मी म्हटलं. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये मोरारजीभाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही. म्हणजे चोवीसपैकी चौदा भाग सोनं आणि उरलेले दहा भाग देशप्रेम. देशभरातल्या कितीतरी सोनारांचा धंदा बसला, हा त्यातला न हसण्याचा भाग. जळगावसारख्या गावात, जिथे लग्नाची बोलणी मुलापाशी सुरू होऊन सोन्यापाशी संपतात, तिथे विहिणीने विहिणीला चौदा कॅरेटची पोत दाखवून 'सरकारचाच नियम आहे हो' म्हणायचं, हा प्रसंग स्विफ्टला सुचला नसता. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये गेली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा पुढे १९९० पर्यंत ठाण मांडून होता.

तिसऱ्या कलमावर भाचा विशेष खूश होता. वर्दावियात दारू पिण्यासाठी सरकारी परवाना लागतो. मी त्याला बाहेर नेलं आणि रस्त्यापलीकडची पाटी दाखवली: परमिट रूम. लहानपणापासून वाचत आला होता, पण परमिट कुणाचं आणि कसलं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. त्याप्रमाणे पिणाऱ्याजवळ परवाना हवा. एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, आजन्म हवा असेल तर हजार रुपये. आणि परवाना कशासाठी? तर प्रकृती राखण्यासाठी. वयाची अटही वाचण्यासारखी आहे. मुलाने लग्न एकविसाव्या वर्षी करायला हरकत नाही, व्हिस्कीला मात्र पंचवीस पूर्ण लागतात. मधली चार वर्षं संसार शुद्धीवर राहून करायचा.

भाच्याने वही मिटली. "मामा, हे घेता येणार नाही. खेळणारे म्हणतील, रिअ‍ॅलिस्टिक नाही."

मग त्याने नकाशा उघडला. सीमेवर काटेरी कुंपण, टेहळणीचे मनोरे, कुत्री. पोरांना सीमा म्हटलं की कुत्रीच सुचतात. आमच्या भागात सीमा कशा पडल्या त्या त्याला ऐकवल्या. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला, हा मुलूख दानियाल या मुलाकडे दिला आणि खान्देशचं नाव बदलून 'दानदेश' केलं. कागदावर झालं; लोकांनी ऐकून घेतलं आणि खान्देशच म्हणत राहिले. १९०६ मध्ये इंग्रजांनी एका खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन केले. तेव्हापासून जळगावकर आणि धुळेकर एकमेकांच्या शेवभाजीकडे परकीय चलनाकडे बघावं तसे बघतात. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तर नवी हद्द नवापूरच्या रेल्वे स्टेशनातून गेली. नवापूर तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, १९९८ पासून नंदुरबारमध्ये. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. एक बाक असा, की त्याचा अर्धा भाग या राज्यात आणि अर्धा त्या. कुत्री नाहीत, कुंपण नाही. नवरा-बायको शेजारी बसलेली असतात, आणि नवऱ्याच्या पिशवीत बाटली असली तर तो बायकोकडे सरकला की गुन्हेगार. तिथे लोक फोटो काढतात. गाडीच्या घोषणा चार भाषांत होतात. उशीर मात्र चारही भाषांत तेवढाच.

पण आमची खरी आंतरराष्ट्रीय सीमा होती ती पळासनेरला.

मुंबई-आग्रा रस्ता धुळ्याहून शिरपूर ओलांडून पळासनेरला येतो. पुढे बिजासनी घाट, आणि घाट चढला की मध्य प्रदेशातलं सेंधवा. आज तिथून ट्रकांची रांग जाते आणि कुणाला काही वाटत नाही. पण १९७२ पासून पुढे तीसेक वर्षं महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. तुमच्या शेतातला कापूस सरकारच घेणार. दुसऱ्या कुणाला विकायचा नाही आणि राज्याबाहेर न्यायचा तर मुळीच नाही. हेतू वाईट नव्हता. व्यापारी शेतकऱ्याला लुबाडायचा, दांडी मारायचा, भाव पाडायचा; त्याच्या तावडीतून सोडवायला ही योजना आली. आली, आणि शेतकऱ्याला खरेदी केंद्राच्या रांगेत उभं करून मोकळी झाली.

ती रांग ज्याने पाहिली त्याला लिलिपुट पाहायची गरज नाही. गाड्यामागे गाड्या, गाड्यांखाली झोपलेली माणसं, एकाच चाऱ्यावर ओळख वाढवणारे बैल. दिवसच्या दिवस. शेवटी ग्रेडर यायचा. तो गाडीतून चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढायचा, धागा किती निघतो ते डोळे बारीक करून बघायचा. त्या चिमटीकडे शेतकरी ज्या नजरेने बघायचा, ती नजर नंतर मी फक्त दहावीच्या निकालाच्या दिवशी पाहिली. वर्षभराची मेहनत, आणि तिचा दर्जा दोन बोटांत ठरायचा. त्यानंतर काटा, काट्यानंतर कपाती, कपातीनंतर चुकारा. आणि तो हप्त्याहप्त्याने. घाटापलीकडे सेंधव्याला मात्र जिनिंगवाला रोख नोटा मोजत बसलेला.

शिरपूरकडचे आमचे आप्पा नात्याने माझे काका. ऐंशीच्या पुढे गेले, पण कापसाचा विषय काढला की उठून बसतात. सांगायला लागले, की पहिल्यांदा बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढतात. म्हणजे गोष्टीत काढतात. रात्री जेवणं झाली की गाडी भरायची, वर कडबा टाकायचा, मोठा रस्ता सोडून आडवाटेने घाट धरायचा. कुणी हटकलंच तर बिजासनी देवीला नवस फेडायला चाललो. "देवीला कडबा?" असं एकाने विचारलं म्हणे. "बैलांचा नवस आहे," आप्पांनी सांगितलं. त्या माणसालाही घरी कापूस असणार, कारण तो पुढे काही बोलला नाही.

या सगळ्यावर आप्पांचं एकच वाक्य आहे, ते दरवेळी तेच असतं आणि दरवेळी ते तितक्याच आश्चर्याने म्हणतात: "कापूस मना, गाडी मनी, बैल मना, आनि चोर बी मीच!"

खरी गंमत पुढच्या वर्षी व्हायची. खुल्या बाजारातला भाव पडायचा आणि इकडे सरकारी हमीभाव वर राहायचा. मग मध्य प्रदेशातला कापूस रातोरात मराठी व्हायचा. त्याच आडवाटा, तोच कडबा, तीच बिजासनी, फक्त गाडीचं तोंड उलटं. एकाधिकारात कापूस बाहेर जायला बंदी होती, आणि आत आलेला ओळखायचा कसा? बोंडावर गावाचं नाव नसतं. आप्पा म्हणतात, बैलांना दोन्हीकडचे भाव पाठ झाले होते. ते जुंपले की आपणहून महागाच्या बाजूला वळायचे. रावेरकडून बऱ्हाणपूरच्या दिशेलाही असंच चालायचं. पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कापूस उघडपणे, दिवसाढवळ्या सीमेपार न्यायची आंदोलनं केली. आप्पा आंदोलनाला गेले होते, पण त्यांना ते फारसं रुचलं नाही. दिवसा काय कुणीही नेईल.

भाचा हे सगळं टिपून घेत होता. त्याने विचारलं, "मग तुम्ही लोकांनी वेगळा देश का नाही काढला?"

प्रश्न वेडगळ नव्हता. ऑस्ट्रेलियात लिओनार्ड कॅसली नावाच्या गव्हाच्या शेतकऱ्याने तेच केलं. सरकारने गव्हाचा कोटा ठरवला. याची जमीन हजारो एकर आणि कोटा त्यातल्या जेमतेम शंभर एकरांचा. तो चिडला आणि १९७० मध्ये त्याने आपलं शेत ऑस्ट्रेलियापासून स्वतंत्र केलं. हट रिव्हर हे देशाचं नाव, तो स्वतः राजपुत्र. पासपोर्ट काढले, टपाल तिकिटं छापली, १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध काही दिवसांपुरतं युद्धही पुकारलं. पर्यटक येऊन शिक्का मारून घेऊन जायचे. पन्नास वर्षं चालला तो देश. २०२० मध्ये कराच्या थकबाकीपायी गुंडाळला. आप्पांना मी ही हकीकत ऐकवली. त्यांनी शांतपणे विचारलं, "आनि गहू?" गव्हाचं काय झालं ते एवढ्या भानगडीत मागेच पडलं होतं.

अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात काही एकरांवर मोलोशिया नावाचं प्रजासत्ताक आहे. राष्ट्राध्यक्ष छातीवर पदकं लावून स्वतः देश फिरवून दाखवतात. चलनाचा भाव बिस्किटांच्या कच्च्या पिठाशी बांधलेला आहे, आणि देशात कांदा आणायला बंदी आहे. हे वाचून जगभर लोक हसतात. डिसेंबर २०२३ पासून मे २०२४ पर्यंत आपल्या सरकारने कांदा देशाबाहेर न्यायला बंदी केली होती, तेव्हा साक्री तालुक्यात कुणी हसल्याचं ऐकिवात नाही. गाझियाबादला तर २०२५ च्या जुलैमध्ये एक गृहस्थ पकडले गेले. त्यांनी बंगल्यात चक्क 'वेस्टआर्क्टिका' या नसलेल्या देशाची वकिलात थाटली होती, बाहेर राजदूताच्या नंबरप्लेटच्या गाड्या. नसलेल्या देशाच्या वकिलातीवर लोक विश्वास ठेवतात म्हणजे असलेल्या देशाबद्दल त्यांचं काय मत असेल, हा विचार पोलिसांच्या पंचनाम्यात बसत नाही.

वर्दावियाच्या वहीत चालीरीतींचं प्रकरण सगळ्यात बारीक होतं. पुण्यात राहून चालीरीती सुचणं अवघडच. तिथले लोक डाव्या हाताने नमस्कार करतात, असलं काहीतरी. एक कल्पना बरी होती: वर्षातून एक दिवस बंदी असलेली गोष्ट सगळ्यांना माफ. ही तर आखाजी. अक्षय्य तृतीयेला खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके चढतात, सालदाराचं नवं साल ठरतं, आणि एरवी पत्त्याला हात न लावणारा शहाणासुरता माणूसही झाडाखाली डाव मांडून बसतो. पोलीस धाडी टाकतात, पेपरात बातमी येते, पुढच्या आखाजीला झाड बदलतं. काही गावांत गौराईच्या वेळी दोन गावच्या मुली नदीच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. भाच्याने हे लिहून घेतलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

एवढ्यात आतून हाक आली. रविवारी कानबाई बसली होती, नारळाला डोळे-नाक लावून, दागिने घालून; रात्रभर बायकांची अहिराणी गाणी झाली होती. आता रोट. आमच्या घरी घरातले पुरुष मोजून तेवढ्या मुठी गहू घेतात, तो दळतात, आणि त्या पिठाचा स्वयंपाक होतो: पुरणपोळ्या, खीर, सोबत गंगाफळाची भाजी. त्यासाठीच शिरपूरहून आप्पा आले होते. वास ओसरीपर्यंत आला होता. भाचा वही टाकून उठला आणि ताट घेऊन पंगतीत बसला.

आईने त्याला उठवलं.

रोट भाऊबंदांनीच खायचा. भाचा म्हणजे बहिणीचा मुलगा, दुसऱ्या कुळाचा. बहीणही लग्न होऊन गेली तेव्हापासून बाहेरची. दोघांसाठी वेगळ्या चुलीवर मुगाची खिचडी टाकलेली होती. रोटाची पोळी घराबाहेर जात नाही. पिठाची परात धुतलेलं पाणीसुद्धा अंगणातल्या खड्ड्यात जिरवतात. दाराशी शिपाई नाही, नाका नाही, ग्रेडर नाही. एकाधिकार योजनेला तीस वर्षांत जे जमलं नाही ते इथे दर श्रावणात बिनबोभाट होतं.

"आजी, एकच पोळी," भाचा म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"नाही."

"तू तर जिल्हाबंदीत उशीतून ज्वारी नेली होतीस!"

"नेली होती," आई म्हणाली आणि त्याच्या खिचडीवर तुपाची धार धरली. "माझ्या भावाला दादर लागायची."

त्याने माझ्या बहिणीकडे पाहिलं. ती मुकाट्याने लोणचं वाढून घेत होती. मग तो ताट घेऊन पंगतीच्या टोकाला, आप्पांच्या जवळ सरकला. सीमा ओलांडायची तर अनुभवी माणूस गाठावा, हे त्याला एव्हाना कळलं होतं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "आप्पा, एक पोळी सीमेपार? कडब्याखालून?"

आप्पांनी दोन्ही कानांना हात लावले. "ना रे भो," ते म्हणाले, "आठे काय बिजासनीना घाट शे का?" आणि त्यांनी आपली दुसरी पोळी दुधात कुस्करायला घेतली.